वेळ पाळणारा गाभा : एका गाठोड्याचा इतिहास



ह्या व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलाविले तेव्हा त्यांची अपेक्षा साहजिकच अशी होती की, मी संपांचा किंवा कामगार कायद्यांचा इतिहास सांगावा. उभी हयात ज्याची त्यात गेली त्याच्याकडून दुसरे काय अपेक्षावयाचे! पण आज मी सांगणार आहे तो इतिहास एका गाठोड्याचा आहे. हे गाठोडे कापडाचे नव्हे, संगणकाच्या प्रोग्रॅमचे आहे. ज्या संस्थेच्या नावाने ते बांधले जाते ती संस्था बांधणाऱ्यांना पगार देत नाही. आणि एके वर्षी ते बांधले गेले नाही म्हणून आमच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका माणसाचे चार दिवसांचे वेतन कापले गेले. त्या चार दिवसांच्या मागे लागूनच मी ह्या विषयात शिरलो. माझे शाळेतले शिक्षण दहावीपर्यंतचे. इंग्रजी वाचावयास शिकलो तो कोर्टाच्या निकालपत्रांवरून. तेव्हा सभेत जे तंत्रज्ञ बसले असतील त्यांनी चुकेल तेथे खुशाल टोकावे.

२०१५ सालच्या दिवाळीनंतरची गोष्ट. एका लहान कारखान्यात जुन्या मिलिंग यंत्राला संगणक जोडलेला होता. परदेशी बनावटीची नियंत्रणपेटी मालकाला परवडण्यासारखी नव्हती. म्हणून एका तरुण तंत्रज्ञाने साधा संगणक, तीन मोटारी आणि स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम ह्यांवर काम भागविले होते. दोन वर्षे यंत्र बिनबोभाट चालले. मग एका रविवारी त्याने संगणकावरची कार्यप्रणाली नवी करून दिली, आणि सोमवारपासून माल बिघडू लागला. प्रत्येक नग बिघडे असे नव्हे. वीस नग ठाकठीक निघत, आणि एकविसाव्यात खाच अर्ध्या मिलिमीटरने सरकलेली सापडे. मालकाने तर्क केला तो मालक नेहमी करतात तोच : यंत्र तेच, पोलाद तेच, प्रोग्रॅम तोच, तेव्हा बदलले असेल ते माणसाचे लक्ष. नुकसानीपोटी यंत्र चालविणाऱ्याचे वेतन कापले गेले.

त्या वेळी १९३६ चा वेतन प्रदान कायदा लागू होता. नुकसानीबद्दल कपात करावयाची तर ते नुकसान कामगाराच्याच हयगयीने झालेले असले पाहिजे, आणि कपातीपूर्वी त्याला आपली बाजू मांडू दिली पाहिजे, असे तो कायदा म्हणे. बाजू मांडावयाची म्हणजे हयगय कामगाराची नव्हती हे दाखवावयाचे. आणि ते दाखवावयाचे तर मग हयगय कोणाची, हेही शोधावे लागते. ह्या शोधात मी पार फिनलंडपर्यंत जाऊन पोहोचलो. देहाने नव्हे, कागदांतून.

त्या संगणकात डेबियन नावाची कार्यप्रणाली होती, आणि तिच्या पोटात लिनक्स नावाचा गाभा. इंग्रजीत ह्या गाभ्याला कर्नल म्हणतात. आमच्या कचेरीत हा शब्द प्रथम उच्चारला गेला तेव्हा एका वृद्ध सभासदाने ‘कुठल्या पलटणीचा?’ असे विचारले होते, आणि तो प्रश्न अगदीच वेडगळ नव्हता. संगणकात एकाच वेळी शेकडो कामे रांगेत उभी असतात. पडद्यावर अक्षरे उमटवावयाची आहेत, चकतीवर काही लिहावयाचे आहे, माउस हलला आहे, मोटारीला पुढचा ठोका द्यावयाचा आहे. ह्यांतले कोण आता चालेल, कोण थांबेल, कोणाला केव्हा उठवावयाचे, हे हुकूम देणारा तो हा गाभा. कारखान्याच्या भाषेत तो मुकादम आहे.

साधारण मुकादमाची हुशारी कशात मोजतात? दिवसाअखेर एकूण काम किती उठले, ह्यात. साधा गाभाही असाच बनविलेला असतो. एकूण काम जास्तीत जास्त उठावे. मधे एखादे काम क्षणभर रखडले तर बिघडत नाही. पण काही कामे अशी असतात की तेथे सरासरी कामास येत नाही. रेल्वेच्या फाटकावरचा माणूस सरासरीने वेळेवर फाटक लावतो, हे ऐकून कोणाचे समाधान होईल? वर्षातून एकदा त्याला दहा मिनिटे उशीर झाला तरी ती सरासरी उत्तमच राहील, आणि रुळांवर मात्र प्रेते पडतील. ‘रिअल-टाइम’ ह्या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. पुष्कळांना तो वेगाचा शब्द वाटतो. तो वेगाचा नव्हे, वचनाचा आहे. अमुक काम अमुक वेळेच्या आत होईल म्हणजे होईलच, मग इतर कामे कितीही तुंबोत, असे ज्याने वचन दिले आहे तो रिअल-टाइम गाभा. असा गाभा एकूण कामात साध्या गाभ्यापेक्षा थोडा मागेच पडतो, आणि ही किंमत जाणूनबुजून मोजलेली असते.

आमच्या मिलिंग यंत्रात काय घडत होते ते आता ध्यानात येईल. त्याच्या मोटारी ठोक्याठोक्याने फिरणाऱ्या होत्या. संगणकाने ठोका द्यावा आणि मोटारीने एक पाऊल टाकावे. पाऊल खरोखर पडले की नाही हे पाहणारा डोळा त्या रचनेत नव्हता. वेगात असताना एखादा ठोका उशिरा आला की मोटार पाऊल चुकते, संगणकाला त्याचा पत्ता नसतो, आणि तेथून पुढची प्रत्येक खाच तेवढी सरकते. उशीर एका सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही लहान असेल. तो पाहणे कोणत्याही माणसाच्या डोळ्यांना शक्य नाही. आणि शिक्षा मात्र त्या डोळ्यांनाच झाली होती.

आता इतिहासाकडे वळू. १९९१ सालच्या ऑगस्टमध्ये हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने, आपण छंद म्हणून एक कार्यप्रणाली लिहीत आहोत, असे जाहीर केले. पुढच्या वर्षी त्याने ती रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी घडविलेल्या जीपीएल परवान्याखाली आणली. ह्या परवान्याचे मर्म असे की, प्रोग्रॅम कोणीही वाचावा, बदलावा, वाटावा. मात्र बदललेला प्रोग्रॅम दुसऱ्याला देताना त्याची मूळ लिखावटही त्याच अटींवर दिली पाहिजे. १९९३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत इयन मर्डॉक ह्या विद्यार्थ्याने डेबियनची स्थापना केली. डेब्रा हे त्याच्या मैत्रिणीचे नाव आणि इयन हे त्याचे स्वतःचे. दोहोंचा समास झाला. डेबियनचे काम गाभा लिहिण्याचे नव्हे. जगभर वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेले हजारो प्रोग्रॅम गोळा करावयाचे, ते एकमेकांशी जुळतात की नाही ते पाहावयाचे, प्रत्येकाचे नीट गाठोडे बांधावयाचे आणि मागेल त्याला फुकट द्यावयाचे, हे तिचे काम.

ह्या संस्थेची घटना १९९८ ची आहे, आणि युनियनच्या माणसाने ती अवश्य वाचावी. प्रमुख दरवर्षी सभासदांच्या मतांनी निवडला जातो. आणि एक कलम असे आहे की, ह्या घटनेमुळे कोणावरही काम करण्याची सक्ती येत नाही. मी ते तीनदा वाचले. आमच्याकडच्या किती संस्थांच्या घटना मी पाहिल्या, कर्तव्यांच्या याद्यांनी त्या भरलेल्या असतात! येथे उलट. काम करावयाचे नसेल तर करू नका. मात्र करणाऱ्याच्या वाटेत आडवे येऊ नका. ह्या कलमाचे मोल आणि त्याची किंमत, दोन्ही पुढे दिसतील.

लिनक्सला वेळ पाळावयास शिकविण्याचा पहिला ठळक प्रयत्न १९९० नंतरच्या दशकात अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोमध्ये व्हिक्टर योडायकेन आणि मायकेल बाराबानोव्ह ह्यांनी केला. त्यांची युक्ती चलाख होती. लिनक्सला सुधारण्याच्या फंदात न पडता त्यांनी त्याच्याखाली एक चिमुकला गाभा बसविला. वेळेची कामे तो चिमुकला गाभा करील, आणि त्याला काही काम नसेल तेव्हाच लिनक्सला चालू देईल. मोठा मुकादम आपण मोठे आहोत अशाच समजुतीत राहतो! ह्या युक्तीला १९९९ साली अमेरिकेत पेटंट मिळाले. तेथे पंचाईत झाली. परवाना मुक्त, पण कल्पनेवर मालकी. इटलीत मिलानच्या तंत्रविद्यापीठात पाओलो मांतेगात्सा ह्यांच्या भोवतीच्या मंडळींनी अशाच जातीचे आरटीएआय तयार केले होते. ते वापरणाऱ्यांच्या मनातही ह्या पेटंटाची धास्ती राहिली.

दुसरी वाट अधिक कष्टाची होती : लिनक्सलाच आतून बदलावयाचे. २००४ साली हंगेरीचे इंगो मोलनार ह्यांनी ती धरली. तक्रार करणाऱ्यांत संगणकावर ध्वनिमुद्रण करणारे संगीतवाले पुढे होते. त्यांच्या सुरांत मधेच खाडकन आवाज येई. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात गाभ्याचा बहुतेक सगळा भाग मधेच थांबविता यावा अशी रचना पुढे आली. जर्मनीचे थॉमस ग्लाइक्सनर, अमेरिकेचे स्टीव्हन रोस्टेड्ट आणि इतर कित्येक जण कामास लागले. ह्या बदलांच्या संचाला प्रीएम्प्ट-आरटी असे नाव पडले. मूळ लिखावटीवर लावावयाच्या अशा बदलाला इंग्रजीत पॅच म्हणतात. आपला ठिगळ हा शब्द त्याला चपखल बसतो.

हे ठिगळ काय करते? दोन गोष्टी मुख्य. पहिली अशी. बाहेरून काही घडले की गाभ्याच्या दारावर थाप पडते. कळ दाबली गेली, चकतीने काम संपविले, अशा थापा. साधा गाभा हातातले सोडून आधी थापेकडे धावतो. ठिगळ लावलेला गाभा थापेची फक्त नोंद घेतो आणि तिचे काम रांगेत, त्याच्या योग्यतेच्या जागी उभे करतो. दुसरी गोष्ट कुलपांची, आणि ती मला फार आवडली. ती समजावयास मंगळावर जावे लागेल.

१९९७ च्या जुलैच्या चौथ्या तारखेला अमेरिकेचे पाथफाइंडर यान मंगळावर उतरले. काही दिवसांनी त्याचा संगणक आपोआप पुन्हापुन्हा नव्याने सुरू होऊ लागला. त्यातला गाभा लिनक्स नव्हता, व्हीएक्सवर्क्स नावाचा होता. पण रोग सर्वांना होणारा होता. सगळ्यांत महत्त्वाचे काम यानातल्या माहितीच्या वाहतुकीचे. सगळ्यांत कमी महत्त्वाचे काम हवामानाच्या नोंदी करण्याचे. दोघांना एकाच सामाईक कोठाराची किल्ली लागे. हवामानवाल्याने किल्ली घेतली की वाहतूकवाल्याला थांबणे भाग. तेवढे ठीक, कारण तो लवकरच परत देई. पण हवामानवाला कोठारात असतानाच मधल्या दर्जाचे एक लांबलचक काम येई आणि खालच्या दर्जाचा म्हणून त्याला बाजूला सारून स्वतः चालू लागे. आता हवामानवाला चालत नाही म्हणून किल्ली सुटत नाही, किल्ली सुटत नाही म्हणून सगळ्यांत मोठे काम अडलेले, आणि मधला मात्र मजेत! वाहतूक अडली असे दिसले की रक्षक-घड्याळ सगळा संगणकच नव्याने सुरू करी. पृथ्वीवरच्या इंजिनीयरांनी जुळ्या यंत्रावर रोग शोधला आणि दूरवरून एक कळ फिरवून तो बरा केला. ज्याच्यासाठी मोठा अडला आहे त्या लहानाला, किल्ली हातात असेपर्यंत मोठ्याचाच दर्जा द्यावयाचा, हा तो उपाय.

म्हणजे मोठे काम कधी कधी सर्वांत लहान माणसाच्या हातात अडकलेले असते, आणि ते मोकळे करावयाचे तर त्या लहानाला तेवढ्यापुरता मान द्यावा लागतो. ह्यावर मी आमच्या शिबिरात अर्धा तास बोललो आहे; येथे आवरतो. प्रीएम्प्ट-आरटीने हाच नियम लिनक्सच्या बहुतेक कुलपांना लागू केला.

आता ठिगळाची खरी गोष्ट. लिनक्सचा गाभा दर दोन-अडीच महिन्यांनी नवा निघतो, आणि प्रत्येक वेळी हजारो ओळी बदलतात. ठिगळ एका ठरावीक गाभ्याच्या ठरावीक ओळींवर बसेल असे कापलेले असते. गाभा बदलला की शेकडो तुकडे पुन्हा कापा, पुन्हा शिवा, पुन्हा मोजा. टोरवाल्ड्स विरोधात होते असे नव्हे. लिनक्सने लेझर चालविणे हा वेडेपणा आहे, पण कारखान्याचा जोडकामाचा लेझर कोणाला त्याने चालवावयाचाच असेल तर आपली हरकत नाही, अशा आशयाचे ते २००६ साली ओटावाच्या बैठकीत बोलले. मात्र जे आत यावयाचे ते सर्वांच्या उपयोगाचे असून कोणालाही न मोडता आले पाहिजे, हा त्यांचा दंडक. म्हणून तुकड्यातुकड्याने आत जाणे चालले : सूक्ष्म घड्याळे आणि दर्जा उसना देणारी कुलपे २००६ मध्ये, थापांची रांग २००९ मध्ये. उरलेले बाहेर सांभाळावयाचे. ते वीस वर्षे बाहेर सांभाळले गेले.

आणि गाठोडे? डेबियनच्या कोठीत लिनक्सची मूळ लिखावट एकदाच ठेवलेली असते. तिच्या शेजारी एका वेगळ्या कप्प्यात रिअल-टाइमची ठिगळे आणि ती कोणत्या क्रमाने लावावयाची त्याची यादी. बाहेरून ठिगळ आणताना त्याच्यावरची सही पडताळून घेतात, भलत्याने भलते काही घुसडू नये म्हणून. मग एकाच लिखावटीतून दोन गाभे निघतात : एक साधा, एक ठिगळ लावलेला. बांधलेल्या गाठोड्यात तीन वस्तू असतात : गाठोड्याची पद्धत सांगणारी चिठ्ठी, आत काय आहे आणि त्याला दुसरे काय काय लागते हे सांगणारा कागद, आणि प्रत्यक्ष माल. गाभ्याच्या गाठोड्याच्या नावातच त्याचा क्रमांक असतो, त्यामुळे नवा गाभा आला तरी जुना शेजारी नांदतो. शिवाय एक रिकामे गाठोडे असते. त्यात माल काहीच नाही. ‘सध्याचा रिअल-टाइम गाभा अमुक’ एवढेच बोट ते दाखविते. वापरणारा ते रिकामे गाठोडे मागतो आणि योग्य ते त्याच्यामागून येते.

ऐकावयास हे सोपे आहे. पण गाभ्यातला सुरक्षेचा एखादा दोष उघडा झाला की दुरुस्ती तातडीने करावी लागते. ती दुरुस्ती ज्या ओळीवर पडते त्याच ओळीवर ठिगळाचा टाका असला की टाका उसवतो. मग कोणीतरी बसून दोन्ही वाचावयाचे, दोघांचाही हेतू राखून नवा टाका घालावयाचा, आणि गाभा पुन्हा बांधून चाचणी घ्यावयाची. हे काम कोणाच्या नजरेत येत नाही. गिरणीत कापड विणणाऱ्याचे कौतुक होई. गाठी बांधणारा कोणाला ठाऊक असे? पण गाठ सुटली की माल गोदीत भिजे, आणि तेव्हा मात्र त्याचे नाव निघे.

२०१३ च्या मे महिन्यात डेबियनची सातवी आवृत्ती निघाली. तिच्यात ३.२ क्रमांकाचा गाभा होता आणि त्याचे रिअल-टाइम गाठोडेही होते. आमचा तरुण तंत्रज्ञ ह्याच आवृत्तीवर उभा होता. आठव्या आवृत्तीसाठी डेबियनने ३.१६ हा गाभा धरला. ठिगळवाले प्रत्येक गाभ्याला ठिगळ करीत नसत, तेवढे हात नव्हते. त्यांनी ३.१४ ला केले होते, पुढे ३.१८ ला केले, मधल्या ३.१६ ला केले नाही. डेबियनच्या नोंदवहीत अशा वेळी लिहावयाची एक ठरलेली ओळ आहे, तिचा आशय असा : ह्या गाभ्याचे ठिगळ येईपर्यंत रिअल-टाइम बंद. २०१५ च्या एप्रिलमध्ये आठवी आवृत्ती त्या गाठोड्याविनाच बाहेर पडली.

दोष कोणाचा? मी पुष्कळ शोधला. त्याच सुमारास, २०१४ साली, ग्लाइक्सनर ह्यांनी उघड सांगितले होते की, ह्या कामाला पैसा नाही, आणि असेच राहिले तर ते छंदापुरते उरेल. कारखान्यांत, बाजारांत, ध्वनिगृहांत ठिगळाचा उपयोग सर्रास चालला होता. शिवणाऱ्याच्या दिव्यात तेल घालावयास मात्र फारसे कोणी पुढे येत नव्हते. जर्मनीत २००५ पासून ओएसएडीएल ही सहकारी संस्था कारखानदारांकडून वर्गणी जमवून हातभार लावीत होती. सहकारी तत्त्वावर, बरे का! पण एका संस्थेने किती भार वाहावा? आणि डेबियनचे म्हणाल तर तिच्या घटनेतले ते कलम आठवा. कोणाला सक्ती करता येत नाही. बाहेरून ठिगळ आले नाही तर आतल्या स्वयंसेवकांनी ते स्वतः शिवावे असे म्हणणे सोपे; ते काम म्हणजे गाभ्याच्या पोटात हात घालण्याचे, आणि अर्धवट शिवलेले ठिगळ मुळीच नसण्यापेक्षा वाईट. वचन देऊन मोडण्यापेक्षा वचन न देणे बरे, असे त्यांनी ठरविले. मी त्यांच्या जागी असतो तर हेच केले असते. तरी आमच्या माणसाचे चार दिवस गेले ते गेलेच.

आमच्या संगणकात काय घडले ते आता उघड आहे. तंत्रज्ञाने आठवी आवृत्ती घातली. नवा साधा ३.१६ आला. जुना रिअल-टाइम ३.२ शेजारी होताच, पण यंत्र सुरू होताना क्रमांकाने मोठा गाभा आपोआप निवडला जातो. कोणीही काही पुसले नाही, काही मोडले नाही. मुकादम तेवढा बदलला. चौकशीच्या दिवशी आम्ही मालकासमोर दोन्ही गाभ्यांवर मोजणी केली. रोस्टेड्ट-ग्लाइक्सनर मंडळींच्याच वर्तुळातले सायक्लिकटेस्ट नावाचे साधन आहे; ठरल्या वेळेपेक्षा किती उशिरा जाग आली ते ते सतत मोजते आणि सगळ्यांत वाईट उशीर दाखविते. साध्या गाभ्यावर, मोठी फाईल चकतीवर उतरवावयास लावताच सगळ्यांत वाईट आकडा भराभर चढला. जुन्या गाभ्यावर तो जागचा हलेना. सरासरी दोन्हीकडे जवळजवळ सारखीच होती. मालक भला माणूस. त्याने वेतन परत दिले आणि तंत्रज्ञावर चिडला. तंत्रज्ञ म्हणाला की, नवे ते चांगले असे त्याला वाटले. ह्यावर काय बोलावे?

पुढची हकीकत बरी आहे. २०१५ च्या ऑक्टोबरात लिनक्स फाउंडेशनने ह्या कामासाठी स्वतंत्र प्रकल्प उभा केला. गूगल, नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स, टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स अशा कंपन्या आणि ओएसएडीएल त्यात आल्या. पगारी हात मिळाले. डेबियनच्या नवव्या आवृत्तीत, २०१७ साली, गाठोडे परत आले, आणि २०१९, २०२१ व २०२३ च्या आवृत्त्यांत ते टिकले. त्या चारही आवृत्त्यांचे गाभे दीर्घकाळ सांभाळण्यासाठी निवडलेले होते, आणि त्या चारांनाही ठिगळ होते. यंत्रे चालविणारा लिनक्स-सीएनसी हा प्रोग्रॅम, ज्याचे मूळ अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेत आहे, तोही २०२३ च्या बाराव्या आवृत्तीत गाठोडे होऊन आला. म्हणजे लेथ चालविणारा प्रोग्रॅम आणि वेळ पाळणारा गाभा आता एकाच कोठीतून, एकाच दाराने मिळू लागले. काही व्यापारी कंपन्यांनीही रिअल-टाइम गाभे बांधले. ते वर्गणी भरणाऱ्यास मिळतात आणि त्यामागे त्यांची जबाबदारी असते. त्यात गैर काही नाही. पण एका यंत्राचा मालक वर्गणीचा हिशेब करीत बसतो, आणि तोपर्यंत बिघडलेल्या नगाचा हिशेब कामगाराच्या नावे लागतो.

ठिगळाचा शेवटचा मोठा अडसर ऐकून आपणांस हसू येईल. गाभा आपल्या अडचणी पडद्यावर छापतो, ते छापण्याचे काम. मरता मरता सांगितलेली अखेरची ओळसुद्धा बाहेर पडलीच पाहिजे म्हणून छपाईच्या वेळी बाकी सर्वांना अडवून धरण्याची जुनी रीत होती. आणि सर्वांना अडविणे म्हणजे वचनभंग. जॉन ओग्नेस ह्यांनी ती छपाई कित्येक वर्षे खपून नव्याने रचली. २०२४ च्या सप्टेंबरात व्हिएन्नाला गाभ्याची मंडळी जमली असता ग्लाइक्सनर ह्यांनी शेवटची विनंती कागदावर छापून, सोनेरी वेष्टनात बांधून टोरवाल्ड्स ह्यांच्या हाती दिली. २० सप्टेंबरला ती मान्य होऊन प्रीएम्प्ट-आरटी मूळ गाभ्यात आले, आणि १७ नोव्हेंबरला ६.१२ क्रमांकाचा गाभा त्यासह निघाला. सगळे संपले असे नव्हे. ३२ बिटांचे आर्म आणि पॉवरपीसी ह्या जातींचे संगणक त्या वेळी बाहेरच राहिले होते. डेबियनने आपल्या तेराव्या आवृत्तीसाठी नेमका हाच ६.१२ धरला, आणि ती २०२५ च्या ऑगस्टमध्ये बाहेर पडली.

त्या कारखान्यात गेल्या महिन्यात दुसऱ्या कामासाठी गेलो होतो. मिलिंग यंत्र अजून चालते. त्याच्या संगणकावर तेरावी आवृत्ती आहे आणि रिअल-टाइमचे गाठोडे नीट बसलेले आहे. पडद्याच्या कडेला २०१५ साली आमच्या माणसाने चिकटविलेली चिठ्ठी मात्र तशीच आहे, तेलाने पिवळी पडलेली : ‘सुरू करताना आतली यादी उघडणे. आर-टी अक्षरे असलेली ओळ निवडणे. विसरू नये.’ आता आपोआप योग्य गाभाच उठतो, ती काढून टाकली तरी चालेल, असे मी त्याला म्हणालो. तो म्हणाला, राहू द्या.